जन्म नव्हे, बाप्तिस्मा शोधा

तुम्ही म्हणताय, नॉरफोकमधल्या खेड्यातला १८२० च्या आसपासचा जन्मदाखला काही केल्या सापडत नाही. सापडणारच नाही! इंग्लंडात सरकारी जन्मनोंद १ जुलै १८३७ ला सुरू झाली. त्याआधीचं सगळं गावच्या चर्चच्या वहीत, आणि तेही जन्म नव्हे, बाप्तिस्मा. पोर दोन दिवसांचं की दोन वर्षांचं, कळायला मार्ग नाही. १८१३ पासून छापील रकाने आले, त्यात बापाचा धंदाही मिळतो. आमच्या सुनेच्या पूर्वजांपुढे पानोपानी एकच शब्द, 'मजूर'.

वहीची पानं ओलीने गेली असतील तर बिशपकडे पाठवलेली वार्षिक नक्कल बघा, ती पुष्कळदा शाबूत असते.

अजून मागे गेलात तर एक गंमत सांभाळा. १७५२ पूर्वी तिथलं नवं वर्ष २५ मार्चला लागायचं. आम्हाला लग्न मे १७२० चं आणि पहिल्या मुलाचा बाप्तिस्मा फेब्रुवारी १७२० चा सापडला. घरात जरा कुजबुज झाली. मग लक्षात आलं, तो फेब्रुवारी आपल्या हिशेबाने १७२१ चा. नऊ महिने बरोबर भरले होते!