खेळानं तुमच्या गल्लीला काय दिलं? अनुभव लिहा

जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत खो-खोचा पहिला विश्वचषक झाला. पुरुष आणि महिला दोन्ही गटांत भारत जिंकला. प्रतीक वाईकर आणि प्रियांका इंगळे हे दोन्ही कर्णधार आपल्या महाराष्ट्रातलेच. चार दिवस अभिनंदनाचे फलक झळकले, मग त्याच खांबांवर कुणाच्या तरी वाढदिवसाचे लागले. पण असे खेळाडू ज्या शाळांच्या, मंडळांच्या मैदानांवर घडतात, तिथल्या बाकीच्यांचं काय होतं? पदक न मिळालेल्यांचं, नुसतं बघायला येणाऱ्यांचं, मैदानावर फक्कीनं रेषा आखणाऱ्यांचं? त्यांचे अनुभव इथे हवे आहेत. कडू असले तरी चालतील. देशाभिमानाची भाषणं मात्र नकोत.

मूळचा लालबागचा, आता मुक्काम बदलापूर

आमच्या चाळींच्या मधल्या चौकात कबड्डी चालायची. लाल माती, चार बांबू, वर पिवळे बल्ब. सामने रात्रीचेच, म्हणजे गिरणीतली पाळी सुटलेली माणसं बघायला येऊ शकत. खेळणारेही गिरणीतले, नाहीतर गिरणीवाल्यांची पोरं.

१९८२ च्या जानेवारीत गिरण्यांचा संप सुरू झाला आणि कबड्डी ही नुसती हौस राहिली नाही. चढाईत दम असला तर रेल्वे, बँका, पोलीस यांच्या संघात चिकटायची आशा. आमच्यातल्या काहींना अशा नोकऱ्या लागल्या. एकानं पहिल्या पगारातून मंडळाच्या खोलीचं थकलेलं वीजबिल भरलं. हे वाचायला किरकोळ वाटेल, पण त्या खोलीतच आम्ही सगळे दहावीचा अभ्यास करायचो. घरात सात माणसं, पुस्तक उघडायचं कुठं? कुणाची मयत असो की रात्री दोनला कुणाला केईएमला न्यायचं असो, लोक आधी मंडळाचं दार वाजवायचे.

याच चौकातली काही पोरं संपानंतर वाईट लाइनीला लागली, तेही लिहिलं पाहिजे. मंडळ सगळ्यांना धरून ठेवू शकलं नाही. संघात निवड न झालेले आधी गेले. त्यांच्यासाठी आमच्याकडे कॅरमबोर्डापलीकडे काही नव्हतं.

आता तिथं टॉवर आहे. पोडियमवर हिरवा गालिचा अंथरलाय आणि खेळायचं तर ॲपवर वेळ घ्यावी लागते. मंडळाचा संघ मात्र अजून उतरतो. पोरं दिवा, विरार, बदलापूरहून येतात, एका बागेच्या कोपऱ्यात सराव करतात आणि मग शेवटची गाडी पकडायला धावत सुटतात.

धाराशिव जिल्हा

आमच्या जिल्ह्यातल्या सारिका काळेला २०२० साली खो-खोसाठी अर्जुन पुरस्कार मिळाला. मी तिच्याएवढी मोठी खेळाडू नव्हते. राज्य स्पर्धेपर्यंत गेले, तेवढंच.

नववीत असताना मला स्थळ आलं. वडील तयार होते. आमचे सर घरी आले, चहा प्यायले आणि लग्नाचा विषयच काढला नाही. म्हणाले, "स्पर्धा तोंडावर आहे, तेवढी होऊ द्या." ती झाल्यावर दहावीचे क्रीडागुण आले. मग कॉलेजचा संघ. असं ढकलत ढकलत बारावी झाली आणि ते स्थळ कंटाळून गेलं.

संघातल्या काहींचे आईवडील ऊसतोडीला जायचे. दिवाळीच्या सुमारास टोळ्या निघाल्या की मोठ्या मुलीनं धाकट्यांना सांभाळायला फडावर जायचं, हे ठरलेलं. आमच्या स्पर्धाही नेमक्या त्याच दिवसांत. संघात नाव असलं की मुलगी आजीकडे राहायची, शाळा सुटायची नाही. दोन खांब आणि थोडी मोकळी जागा, याहून खर्च काय होता त्याला?

हाफ पँटवरून गावात बोलणं व्हायचंच. आईनं एकदा भर पाणवठ्यावर विचारलं, "कासोटा घालून खुरपते तवा कुणाला दिसत न्हाई का?" तेव्हापासून आमच्या दारात तरी कुणी बोललं नाही. मी आज पोलीस खात्यात आहे. भरतीत पळायची सवय कामाला आली.

कोल्हापूर, पेठेतला

आमच्याकडं तालीम म्हणजे कुस्ती, गणपती, फुटबॉल सगळं एकाच छपराखाली. पाटाकडील, खंडोबा, दिलबहार, बालगोपाल, नावं कुणालाही विचारा. शाहू स्टेडियमवर सामना असला की वकील आणि रिक्षावाला एकाच पायरीवर बसून घसा फोडणार.

२०१९ च्या ऑगस्टात पंचगंगा शहरात शिरली. आमची पोरं ट्यूब आणि दोर घेऊन पाण्यात उतरली. कुठल्या घरात म्हातारं माणूस एकटं आहे, कुणाला डायलिसिस आहे, याची यादी करायची गरजच पडली नाही. वर्गणीला दरसाल दारोदार फिरल्यामुळं सगळं पाठ होतं.

आणि हीच पोरं दोन पेठांच्या सामन्यात दगड उचलतात. हुल्लडबाजीपायी सामने थांबलेले मी पाहिलेत. पेठेची अस्मिता म्हणतात तिला. मला ती खुमखुमीच वाटते. कोल्हापूरचाच अनिकेत जाधव २०१७ च्या सतरा वर्षांखालील फुटबॉल विश्वचषकात भारताकडून खेळला तेव्हा आमच्या कट्ट्यावर विरोधी पेठेची पोरं टीव्हीसमोर मांडीला मांडी लावून होती. पुढच्या हंगामात परत जैसे थे.

कोल्हापूरजवळचीच, एका पैलवान मुलीची आई

वरच्या भाऊंना एक विचारते. त्या पायरीवर बायका किती होत्या?

माझी लेक कुस्ती करते. गावातली तालीम पोरांची, म्हणून तिला रोज बसनं दुसरीकडं जावं लागायचं. २०२३ ला सांगलीत महिलांची पहिली महाराष्ट्र केसरी झाली आणि सांगलीच्याच प्रतीक्षा बागडीनं गदा घेतली. त्यानंतर आमच्या तालमीतली जुनी मंडळी आपणहून म्हणाली, मुलींना सकाळची वेळ देऊ. दिलीही. कपडे बदलायच्या खोलीचं मात्र अजून "बघू" चाललंय.

रत्नागिरी जिल्हा, पोटापाण्याला नालासोपारा

आमचा खेळ म्हणजे टेनिस बॉलचं क्रिकेट. गावच्या मुंबई मंडळाच्या स्पर्धा रविवारी मुंबईतच होतात. प्रवेश फीतून उरलेल्या पैशांतून गावच्या नळपाण्याची जळलेली मोटर बदलली, शाळेचे पत्रे घातले. मे महिन्यात गावाला गेलो की वाडी-वाडीचे सामने.

भावकीत दोन घरांचा जमिनीवरून दावा चालू आहे. गोलंदाज एका घरातला, यष्टिरक्षक दुसऱ्या. मैदानावर त्यांचं बोलणं "माझा!" आणि "सोड!" एवढंच. घरी गेल्यावर तेही बंद.

बौद्धवाडीचा संघ पूर्वी वेगळा उतरायचा. अलीकडे एकच संघ असतो. समतेचा विचार वगैरे नंतर. पोरं शहरात गेल्यामुळे कुठल्याच वाडीत अकरा जण भरेनात. तरी आता एकमेकांच्या घरी जेवणं होतात, हे खरं. पालखीच्या मानपानात मात्र काडीचा बदल नाही.

क्रीडाशिक्षक, नाशिक जिल्हा

धाराशिवच्या ताईंचे सर वाचून बरं वाटलं. आमच्याकडे पालक विचारतात ते प्रमाणपत्राचंच. सरकारी नोकरीत खेळाडूंना पाच टक्के आरक्षण आहे, म्हणून बोगस प्रमाणपत्रांचाही धंदा झाला. खरं खेळणाऱ्या पोराच्या कागदाकडेही मग संशयानं बघतात.

आमची अडचण सध्या वेगळी आहे. शाळा ज्या पडिक जागेवर खेळते ती गावठाणातली, शाळेच्या नावावर नाही. तिथं व्यापारी गाळे काढायचं घाटतंय. कुणाच्या गावानं अशा जागेची मैदान म्हणून कागदोपत्री नोंद करून घेतली असेल तर कशी केली, ते लिहा. ग्रामसभेचा ठराव पुरतो, की तहसीलदारांकडे जावं लागतं?