मदत हवी आहे: लेकीकडे फॉस्टर बाळ आहे, आजीने काय करावं?

विश्रामबागवाली

नमस्कार मंडळी. मी सांगलीची, निवृत्त शिक्षिका. एरवी इथे पाककृती नाहीतर गुडघेदुखीचे धागे वाचते, स्वतः धागा काढायची ही पहिलीच वेळ. लांबण लागलं तर सांभाळून घ्या.

माझी लेक आणि जावई अमेरिकेत असतात. त्यांना मूलबाळ नाही. दोघांनी रीतसर प्रशिक्षण घेऊन फॉस्टर पालकांचा, म्हणजे दुसऱ्याचं मूल तात्पुरतं आपल्या घरी सांभाळण्याचा, परवाना काढला आणि काही महिन्यांचं बाळ त्यांच्याकडे आलं. मुलगी आहे, आफ्रिकन-अमेरिकन. आता दीड वर्षाची होत आली. मला स्क्रीनवर बघितलं की 'आज्जी' म्हणून फोन चाटते. तिच्या आईची काय अडचण आहे ते लेक मलाही सांगत नाही, सांगायची परवानगी नाही म्हणते. आठवड्यातून एकदा एका ऑफिसात मायलेकींची भेट होते. परत आल्यावर बाळ रात्रभर किरकिर करतं आणि माझी लेकही झोपत नाही.

मला वाटलं होतं, इतके दिवस झाले म्हणजे आता कागदपत्रं होऊन ती आमचीच होईल. तर मागच्या महिन्यात कळलं की आईची प्रगती बरी आहे, भेटीची वेळ वाढवली आहे. शिवाय दुसऱ्या राज्यात बाळाची एक मावशी आहे, तीही सांभाळायला तयार आहे म्हणे. लेक फोनवर धड बोलत नाही. जावई म्हणतात, "आई, हे आम्हाला पहिल्या दिवसापासून माहीत होतं." माहीत असणं वेगळं हो.

इकडची तऱ्हा आणखी निराळी. चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला गेले होते. कौतुकाने मोबाइलमधला फोटो दाखवला. सगळ्यांनी 'गोड आहे' म्हटलं, आणि एक बाई आंब्याची डाळ खाता खाता म्हणाल्या, "बरं आहे, हिला तीट लावायला नको." सगळ्या हसल्या. मी पन्हं तसंच ठेवून उठले. आमचे थोरले दीर तर सरळ विचारतात, "हिला घरातली धरायची की पाहुणी?" यावर काय बोलावं ते मला अजून सुचलेलं नाही.

आणि खरं सांगायचं तर त्याहून मोठी अडचण माझ्या मनातली आहे. मी गणपतीच्या देवळात जाते, हात जोडते आणि अडते. बाळ आमच्याकडेच राहू दे म्हणावं, तर तिची आई सावरू नये असंच मागितल्यासारखं होतं. मी शिक्षिका होते, आया पाहिलेल्या आहेत. असं मागवत नाही. आणि तिची आई लवकर सावरू दे म्हणावं, तर माझी लेक डोळ्यांसमोर येते.

थंडीत मी तिकडे जाणार आहे, चार-पाच महिने. तेव्हा बाळ असेल की नाही, देव जाणे. असलं तर तिचं जावळ करायचं मनात आहे, वाळे करायला टाकलेत. या सगळ्यातून कुणी गेलं असेल तर कृपया लिहा.

न्यूजर्सीकर

काकू, आम्ही मूळचे वाईचे. आमच्याकडे दोन भावंडं सव्वा वर्ष होती, मग त्यांच्या आजीकडे गेली. त्यामुळे तुमच्या लेकीचं काय चाललंय ते वेगळं सांगायला नको.

आधी यंत्रणा समजून घ्या, म्हणजे जावई तसं का म्हणाले ते कळेल. तिकडे फॉस्टर केअर ही दत्तकाची रांग नाही. मूल घरातून काढलं की बहुतेक वेळा पहिलं उद्दिष्ट असतं ते त्याला परत घरी पोहोचवणं. कोर्ट आईला यादी देतं: उपचार, घर, नोकरी, पालकत्वाचे वर्ग. ती ते करते की नाही याचा ठरावीक काळाने आढावा होतो. एक वर्षाच्या आत मुलाचं कायमचं काय करायचं यावर सुनावणी व्हावी लागते. नात्यातलं कुणी योग्य माणूस पुढे आलं तर त्याचा विचार आधी होतो, म्हणून ती मावशी. ती दुसऱ्या राज्यात असली तर दोन्ही राज्यांची कागदपत्रं लागतात आणि त्याला महिने जातात. तुमच्या लेकीचा जीव त्यात टांगलेला असणार.

1997 च्या फेडरल कायद्याने मुदत घातली आहे. मूल गेल्या 22 महिन्यांपैकी 15 महिने फॉस्टर केअरमध्ये असेल तर राज्याने आईवडिलांचे हक्क संपवण्यासाठी कोर्टात अर्ज करायचा. पण मूल नातेवाइकाकडे असेल, अर्ज न करण्याचं सबळ कारण असेल किंवा आईला द्यायची मदत सरकारनेच दिली नसेल, तर सूट मिळते. आणि अर्ज झाला म्हणजे निकाल लागला असं नाही. त्यामुळे दीड वर्ष झालं म्हणून बाळ 'आपलं' असा हिशोब मनात करू नका. त्या हिशोबाने आम्हाला फार त्रास झाला.

वंशाबद्दल थोडं. अमेरिकेतल्या मुलांमध्ये कृष्णवर्णीय मुलं साधारण 14 टक्के आहेत, फॉस्टर केअरमध्ये मात्र त्यांचं प्रमाण 20 टक्क्यांच्या वर. त्या समाजाचा या यंत्रणेवर राग आहे तो उगाच नाही. गरिबीलाच हेळसांड समजून मुलं उचलली जातात, ही तिथली जुनी तक्रार. 1972 मध्ये कृष्णवर्णीय समाजसेवकांच्या राष्ट्रीय संघटनेने आपली मुलं गोऱ्या घरांत देण्याला उघड विरोध केला होता. पुढे 1994 च्या कायद्याने आणि 1996 च्या दुरुस्तीने असं ठरलं की केवळ वंशाच्या कारणावरून मुलाला घर नाकारायचं नाही किंवा त्यासाठी ताटकळत ठेवायचं नाही. त्यामुळेच हे बाळ तुमच्या लेकीकडे येऊ शकलं. मूळनिवासी मुलांचा कायदा मात्र वेगळा आहे, 1978 चा. त्यात जमातीतल्या घरांना प्राधान्य आहे, आणि 2023 मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने तो कायम ठेवला.

केसांबद्दल आणि जावळाबद्दल रात्री लिहितो, आता मीटिंग आहे. तोवर जावळ ठरवू नका!

परखड

राग मानू नका, पण आपल्या देशात अनाथाश्रम भरलेले असताना तिकडची पोर कशाला? उद्या ती गेली तर मनस्ताप तुमच्याच लेकीला.

कोयनाकाठ

परखड, मी कराडची, दत्तक मुलाची आई. ही गैरसमजूत इतकी पसरली आहे की दर वेळी लिहावं लागतं. संस्थेत राहणारं मूल म्हणजे दत्तकासाठी मोकळं मूल नव्हे. पुष्कळांचे आईवडील किंवा नातेवाईक असतात, गरिबीमुळे मूल तिथे ठेवलेलं असतं. बाल कल्याण समितीने मूल कायद्याने मुक्त ठरवल्याशिवाय त्याचं दत्तक होत नाही. टाकलेलं बाळ दोन वर्षांच्या आतलं असेल तर पालकांच्या शोधासाठी दोन महिने दिलेले असतात, आईने स्वतः सोडलं असेल तर तिला फेरविचाराला 60 दिवस. 'कारा'च्या, म्हणजे दत्तकाचं काम बघणाऱ्या केंद्र सरकारच्या संस्थेच्या, संकेतस्थळावर नाव घातलेल्या जोडप्यांची रांग मुलांपेक्षा कितीतरी मोठी आहे. आम्हीही त्या रांगेत वर्षानुवर्षं होतो. निदान शेवटचा आदेश आता लवकर होतो. 2021 च्या दुरुस्तीनंतर, म्हणजे 1 सप्टेंबर 2022 पासून, तो कोर्टाऐवजी जिल्हाधिकारी देतात.

आणि फॉस्टर केअर आपल्याकडेही आहे, सरकारी कागदात प्रतिपालकत्व म्हणतात. 2015 च्या बाल न्याय कायद्यात तरतूद आहे, मिशन वात्सल्य या सरकारी योजनेतून मुलामागे महिना 4000 रुपये मिळतात. 2024 च्या नव्या मार्गदर्शक सूचनांनुसार 35 ते 60 वयाच्या एकट्या व्यक्तीलाही मूल सांभाळायला घेता येतं, आणि दत्तकाला मोकळं असलेलं मूल दोन वर्षं नीट सांभाळलं असेल तर दत्तक मागता येतं. परखडजी, कळकळ असेल तर सांगलीच्या जिल्हा बाल संरक्षण कक्षात चौकशी करा.

विश्रामबागवाली ताई, आता तुमच्याशी. माझा मुलगा पूर्वेकडच्या राज्यातला, चेहरामोहरा आमच्यापेक्षा अगदी वेगळा. बाजारात भाजीवालीपासून बँकेतल्या शिपायापर्यंत सगळे विचारायचे, "हा कुणाचा?" मी "माझा" म्हणायची आणि पुढची भाजी मागायची. स्पष्टीकरण द्यायला लागलं की माणसं खुर्ची ओढून बसतात. रंगावरून कुणी बोललं तर मात्र मी तिथल्या तिथे, सगळ्यांदेखत म्हणते, "आमच्या घरात असं बोलत नाहीत." उठून जाऊ नका. उठून गेलं की त्या बायकांना वाटतं तुमचं डोकं दुखत होतं. आज बाळ दीड वर्षाचं आहे, चौथ्या वर्षी तिला सूर कळेल, भाषा कळली नाही तरी.

अजिंक्यतारा

दत्तकावरून बोलणारी भावकी आम्हा सातारकरांना नवी नाही. 1848 मध्ये आप्पासाहेब महाराज वारले, त्यांचा दत्तक डलहौसीने नामंजूर केला आणि सातारचं राज्य खालसा झालं. तेव्हा परकं सरकार तरी होतं. सावित्रीबाई आमच्या जिल्ह्यातल्या नायगावच्या. त्यांनी आणि जोतीरावांनी 1874 मध्ये काशीबाई या ब्राह्मण विधवेचा मुलगा दत्तक घेतला, यशवंत. जोतीराव गेले तेव्हा भावकी आडवी आली, दत्तकाने टिटवं (अंत्ययात्रेत पुढे धरायचं मडकं) धरायचं नाही म्हणून. सावित्रीबाईंनी ते स्वतः धरलं. यशवंतराव डॉक्टर झाले, आणि 1897 च्या प्लेगमध्ये त्यांच्या दवाखान्यात रुग्णांची सेवा करतानाच सावित्रीबाई गेल्या. थोरल्या दिरांना पाठवा हे.

(अवांतर झालं. पण पन्हं ठेवून उठायला नको होतं, पन्ह्याचा काय दोष?)

न्यूजर्सीकर

आता जावळ. काकू, आईचे हक्क शाबूत असेपर्यंत फॉस्टर पालकांना सहसा परवानगीशिवाय बाळाचे केस कापताही येत नाहीत. कान टोचणं तसंच. नाव बदलणं तर दूरच. आणि कृष्णवर्णीय घरात लहान मुलीचे केस म्हणजे आईच्या मायेची जागा. शनिवारी-रविवारी दोन-दोन तास बसून वेण्या घालतात. भेटीला आलेल्या बाळाचं डोकं तासलेलं दिसलं तर त्या आईला काय वाटेल? नियम नसता तरी मी नकोच म्हटलं असतं.

तुम्ही गेल्यावर खोबरेल आणि फणी घेऊन बसणार, हे नक्की. तेल वाईट नाही, पण कोरड्या केसांवर नुसतं तेल थापून भागत नाही. आधी पाण्याचा फवारा, मग क्रीम, त्यावर थोडं तेल. विंचरायचं ते ओल्या केसांत कंडिशनर लावून, रुंद दातांच्या कंगव्याने, टोकाकडून मुळाकडे. आपल्यासारखं माथ्यापासून खाली ओढलं की बाळ किंचाळणार आणि केस तुटणार. रोज धुवायचे नाहीत. उशीचा अभ्रा सॅटिनचा. वेण्यांसाठी लेकीला तिथल्या वेण्या घालणाऱ्या बायकांकडे जायला सांगा. केस होतातच, शिवाय बाळाला तिच्यासारखे चेहरे दिसतात. परवंशातल्या घरात वाढून आता मोठी झालेली दत्तक माणसं पुन्हा पुन्हा सांगतात ते हेच, की प्रेम भरपूर मिळालं पण आजूबाजूला आपल्यासारखं कुणी नव्हतं. भारतीय घर गोरं नसलं म्हणून आपण यातून सुटलो असं समजू नका. आपल्या पार्ट्यांमध्ये काय बोललं जातं ते सगळ्यांना माहीत आहे.

आणखी दोन गोष्टी. फॅमिली ग्रुपवर बाळाचे फोटो टाकू नका, फॉस्टर मुलांची ओळख उघड करण्यावर बंधनं असतात. आणि तुम्ही चार-पाच महिने राहणार म्हणजे घरातल्या प्रौढ व्यक्ती झालात. तुमची पार्श्वभूमी तपासतील, बोटांचे ठसेही मागतील कदाचित. लेकीने केसवर्करला, म्हणजे बाळाचं प्रकरण बघणाऱ्या तिथल्या कर्मचाऱ्याला, आधीच विचारलेलं बरं.

विश्रामबागवाली

सगळ्यांचे मनापासून आभार. न्यूजर्सीकर, एक विचारू? ती दोन भावंडं गेली तेव्हा तुम्ही काय केलंत? आणि वाळे पाठवू की नको?

न्यूजर्सीकर

वाळे जरूर द्या, पण 'बाळाचे' म्हणून. तिथे मुलाला दिलेली वस्तू मुलाबरोबर जाते. आम्ही दोघांची एकेक वही केली होती: पहिलं पाऊल कधी टाकलं, काय खायला आवडतं, ताप आला की कोणतं गाणं म्हणतो. ती त्यांच्या आजीला दिली. आजीला आमची गरज आहे असं वाटायला वेळ लागला, पण आता वाढदिवसाला बोलावते. सगळ्यांच्या बाबतीत असं होत नाही, तेव्हा आशा लावून बसू नका. गेल्यावर महिनाभर माझी बायको त्यांच्या खोलीत गेली नाही. तुमच्या लेकीला तेव्हा 'दुसरं मिळेल' असं कुणी म्हणणार नाही, एवढं बघा.

देवळातल्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नाही. आम्ही त्यांच्या आईचं नाव घेऊन दिवा लावायचो.

विश्रामबागवाली

लेकीशी बोलले. वहीची कल्पना तिला आवडली, मजकूर इंग्रजीत लिहिणार आहे म्हणजे बाळाच्या आईला वाचता येईल. माझ्याकडून 'लिंबोणीच्या झाडामागे' रोमन लिपीत हवंय. बाळाच्या आईचं पहिलं नाव मी विचारलं, तर म्हणाली तेही सांगता येणार नाही. ठीक आहे, नावाशिवाय लावीन.

फोटो ग्रुपवरून काढले. जावांनी पाहिले होते ते पाहिले. थोरल्या दिरांना सांगितलं, जितके दिवस आहे तितके दिवस घरातली. ते 'हूं' म्हणाले आणि टीव्हीचा आवाज वाढवला.

केसवर्कर म्हणाली, ठसे द्यावे लागतील. मिस्टरांना ते अपमानास्पद वाटतंय. मी म्हटलं, पेन्शनच्या हयातीच्या दाखल्याला दर नोव्हेंबरात अंगठा देतेच की, तिथे तर मी जिवंत आहे का एवढंच बघतात.

कोयनाकाठ, तुम्हाला व्यनि (व्यक्तिगत निरोप) केला आहे. माझ्या एका विद्यार्थिनीला प्रतिपालकत्वाची माहिती हवी आहे, चाळिशीची आहे, एकटी राहते. सवडीने बघा.