सासऱ्यांचं स्टार कासव: ठेवायचं की देऊन टाकायचं?

निवांत_नलू
गेल्या आठवड्यात भाचा आला होता, बाल्कनीतलं कासव बघून म्हणाला मामी हे स्टार कासव आहे, घरात ठेवणं गुन्हा आहे. मी उडालेच. सासऱ्यांनी बारा-तेरा वर्षांपूर्वी कुठल्याशा वास्तुवाल्याच्या सांगण्यावरून आणलं, उत्तरेला पाण्याच्या परातीत ठेवायचे, मग कुणीतरी म्हणालं अहो हे जमिनीवरचं कासव, बुडून मरेल, तेव्हापासून बाल्कनीत असतं. पोळी, भात, काकडी खातं. सासरे आता नाहीत आणि सासूबाई म्हणतात त्यांची आठवण आहे, हलवायचं नाही. माझ्या मते देऊन टाकावं. तुम्हाला काय वाटतं?

पेठेतला_पंत
कशाला देताय? एवढी वर्षं खाऊनपिऊन सुखात आहे. जंगलात गेलं तर कोल्हा-मुंगूस काय पूजा करणार आहे का त्याची? आणि वनखात्याच्या पिंजऱ्यात टाकलं की चार महिन्यांत खलास. आमच्या गल्लीतच तीन घरी कासवं आहेत, कुणाला पकडलं नाही आजवर. कायदे काय, कागदावर ढीगभर असतात.

काटेरी_बाभूळ
पंत, सुखात आहे हे कुणी सांगितलं, कासवाने? नलूताई, त्याची पाठ नीट बघा. थोडे उंचवटे या जातीत असतातच, पण नक्षीतल्या प्रत्येक चांदणीचा भाग वेगळं टेकाड असल्यासारखा खूपच वर आलाय का? पोळी-भात हे त्याचं खाणंच नाही हो, ते गवत, पाला, खाली पडलेली फळं खाणारं जनावर. कॅल्शियम नाही, ऊन काचेआडून, मग हाडं आणि कवच वाकडं होतं. हे सगळं इतकं हळू होतं की घरच्यांना कळतच नाही, आणि कासव काही ओरडत नाही.
कायद्याचं म्हणाल तर वन्यजीव संरक्षण कायद्याच्या २०२२ च्या दुरुस्तीनंतर ते पहिल्या अनुसूचीत आहे, म्हणजे वाघाच्या रांगेत. तीन ते सात वर्षं शिक्षा. २०१९ पासून त्याच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरही बंदी आहे.

पेठेतला_पंत
बंदी घातली की भाव वाढतो, एवढं अर्थशास्त्र मलाही कळतं. त्यापेक्षा परवाने द्या, कोंबड्यांसारखी पैदास करू द्या, चोरटा धंदा आपोआप बसेल. लोकांना हौस आहे ना, मग सरळ मार्गाने मिळू दे.

काटेरी_बाभूळ
कोंबडी रोज अंडं घालते हो. हे कासव वयात यायलाच वर्षं घेतं आणि एका खेपेला मोजकी अंडी. म्हणजे पैदास करणाऱ्याने वर्षानुवर्षं खर्च करायचा, आणि तिकडे माळावरून उचललेलं कासव जवळजवळ फुकट. कोण पैदास करेल? दोनचार मादी दाखवायला ठेवतील आणि चोरीच्या मालावर परवान्याचा शिक्का मारतील. दोन्ही दिसायला सारखीच. २०१५ मध्ये आलेल्या एका अभ्यासात आंध्र-कर्नाटकाच्या बाजूच्या एकाच पट्ट्यातून वर्षभरात किमान ५५,००० उचलली गेल्याचं म्हटलंय. मोज्यात घालून, पाय हलू नयेत म्हणून चिकटपट्टी गुंडाळून बॅगेत भरतात. ही हौस आहे म्हणून ते मोजे आहेत, पंत.

माळावरचा_मुकादम
मी आंध्रातल्या अनंतपूरकडे तीन वर्षं कामाला होतो म्हणून बोलतो. तुम्ही दोघं बाल्कनीवर भांडताय पण निम्मा खेळ तिकडे आहे. पावसाळ्यात पहिली सर पडली की ही बाहेर निघतात, रस्त्यावर चिरडलेली मी स्वतः बघितली आहेत. शेळ्या राखणारी पोरं उचलतात, त्यांना मिळतात चहापाण्याचे पैसे, पुढचा दलाल मोठा होतो. आणि सरकारी कागदात त्या माळाचं नाव काय तर पडीक! पडीक म्हटलं की कुणीही नांगरा, खणा, कुंपण घाला, गवत पेटवून द्या. कासव आगीपुढे किती पळणार? पाठीवरच्या त्या चांदण्या वाळक्या गवतात लपायला आहेत, गवतच गेलं तर त्या फक्त आपल्या शोकेससाठी उरतात. त्या पोराला जेलमध्ये टाकून काही होत नाही, त्याच पोरांना माळ राखायला पगार द्या, त्यांच्याइतकी कासवं कुणालाच सापडत नाहीत.

पेठेतला_पंत
मुकादम, तुमचं पटलं. पण मग नलूताईंच्या एका कासवाने काय फरक पडणार? फारच वाटत असेल तर टेकडीवर सोडून या गुपचूप.

काटेरी_बाभूळ
अजिबात नाही! गुजरात-राजस्थानची आणि दक्षिणेची कासवं आनुवंशिकदृष्ट्या वेगळी, तुमचं कुठलं ते तपासल्याशिवाय कळणार नाही. शिवाय घरातला आजार बाहेरच्यांना लागतो. २०१८ ला सिंगापूरहून ५१ स्टार कासवं कर्नाटकात परत आणली, ती काय विमानतळाबाहेर सोडली का? क्वारंटाइन, तपासणी, मग पुढचं. ताई, वनखात्याच्या १९२६ या हेल्पलाइन नंबरवर फोन करा. कुणी आणलं, कधी आणलं, जे आहे ते खरं सांगा, लपवू नका. भीती वाटत असेल तर आधी ओळखीच्या वकिलाशी बोला.

निवांत_नलू
पाठ बघितली. टेकाडंच आहेत, मला वाटायचं जातच तशी. सासूबाईंना दाखवलं तर म्हणाल्या हे काय, ह्याला तर तेव्हा गुळगुळीत पाठ होती, ह्यांच्या तळहातावर मावायचं. मग बराच वेळ गप्प होत्या. उद्या सकाळी फोन करते. तोवर खायला काय देऊ ते सांगा, पोळी बंद केली आहे, खाली सोसायटीत दूर्वा आहेत पण त्यावर औषध मारतात.

माळावरचा_मुकादम
औषधाच्या नका देऊ. जास्वंदीची पानं-फुलं असतील तर द्या धुऊन, आणि उथळ ताटलीत थोडं पाणी. परात नको.