नाणी राजांच्या क्रमाने कशाला मांडायची, व्यापाराच्या वाटांच्या क्रमाने मांडा

घाटवाट:
नाण्यांचं दालन कुठलंही घ्या, मांडणी ठरलेली असते. सातवाहन, क्षत्रप, यादव, बहमनी, आदिलशाही, शिवकाल, पेशवाई, मग कंपनी सरकार. काचेखाली रांगेने नाणी, खाली राजाचं नाव, धातू, वजन, झालं. शेर-पायलीची मापं दुसऱ्या खोलीत लोकजीवन म्हणून, आणि बैलगाडी असलीच तर बाहेर पोर्चमध्ये ऊन खात उभी. मला ही मांडणीच पटत नाही. नाणं, माप आणि गाडी हा एकच व्यवहार आहे, बाजाराला निघालेल्या माणसाजवळ तिन्ही एकदम असायचं, आपण ते तीन खोल्यांत वाटून टाकलंय.

जोगळटेंभीचं घ्या. 1906 साली नाशिकजवळ तिथे चांदीच्या नाण्यांचा दफिना, म्हणजे पुरलेला साठा सापडला, 13,000 च्या वर नाणी, मुळात क्षत्रप नहपानाची, आणि त्यातल्या 9,000 हून जास्त नाण्यांवर सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने स्वतःचा ठसा परत मारलेला. असं एखादं नाणं भिंगाखाली धरा, नहपानाच्या चेहऱ्याची कड, ग्रीक अक्षरांचे तुकडे अजून दिसतात आणि त्याच्यावरच तीन कमानींची टेकडी उठलेली असते. आता हे नाणं कुणाच्या रांगेत ठेवणार? नहपानाच्या ठेवलं तर सातकर्णी गेला, सातकर्णीच्या ठेवलं तर नहपान गेला. आणि तिथून जवळच पांडवलेण्यांत नहपानाचा जावई उषवदात याचा लेख आहे, त्यात लिहिलंय की 3,000 कार्षापण, म्हणजे त्या काळची नाणी, गोवर्धनच्या विणकरांच्या श्रेणींकडे, म्हणजे संघांकडे, ठेव म्हणून ठेवले, 2,000 वर महिना शेकडा 1 व्याज आणि 1,000 वर पाऊण, त्यातून भिक्षूंच्या चिवराचा, म्हणजे वस्त्रांचा, आणि बाकीचा खर्च. 35 कार्षापणांना एक सुवर्ण, म्हणजे सोन्याचं नाणं, हा भावसुद्धा तिथेच कोरलाय. म्हणजे त्या काळचं नाणं, त्याचा व्याजदर, सोन्याशी भाव आणि ते पैसे वापरणारे विणकर, सगळं एका जिल्ह्यात आहे, आणि दालनात बघणाऱ्याला काय मिळतं तर "चांदी, क्षत्रप".

म्हणून म्हणतो वाटेप्रमाणे मांडा. कल्याण-नाणेघाट-जुन्नर-पैठण ही एक वाट, पैठण-तेर-भडोच दुसरी, विदर्भातला कापूस ते मुंबई बंदर तिसरी. प्रत्येक वाटेवर त्या त्या काळाचं नाणं, माप, गाडी, लेखाचा ठसा एकत्र.

जुना_पोतदार:
दादा, तळमळ कळते पण हे केलंत तर दालनाचं वाटोळं होईल असं मला स्पष्ट वाटतं. राजांचा क्रम हा काही राजांच्या कौतुकासाठी नसतो. नाण्याचा काळच मुळात त्या क्रमातून ठरतो. लेख कुठल्या लिपीत, अक्षराचं वळण कसं, वजन किती, चांदीत भेसळ कधी वाढली, हे एका ओळीत शंभर नाणी बघितल्याशिवाय डोळ्याला कळतच नाही. सातवाहनांच्या कितीतरी राजांची नावं पक्की झाली ती नाण्यांवरून. आणि नकली नाणी? शिवकालीन सोन्याच्या होनाच्या आणि तांब्याच्या शिवराईच्या नकला बाजारात ढिगाने फिरतात, त्या पकडायला अस्सल नाण्यांची सलग मालिका समोर लागते. तुम्ही शिवराई एका खोलीत, दुदांडी (दोन आडव्या रेघांची शिवराई) दुसऱ्या वाटेवर आणि होन तिसरीकडे ठेवलात तर शिकणाऱ्या पोराने तुलना कशाशी करायची?

दुसरं, जे तुम्ही सोडूनच दिलंय. संग्रहालयांतली पुष्कळ नाणी सराफांकडून घेतलेली किंवा कुणा संग्राहकाने दान दिलेली असतात, कुठे सापडली याची नोंदच नाही. त्यांना वाट कुठली देणार? मनाने?

घाटवाट:
@जुना_पोतदार मालिका मोडा असं मी म्हणतच नाही. अभ्यासाची मालिका अभ्यासिकेत ठेवा, ड्रॉवर काढून दाखवा, फोटो ऑनलाईन टाका. प्रश्न समोरच्या दालनाचा आहे, जिथे रविवारी पोरांना घेऊन माणसं येतात.

आणि शिवराईचं तुम्हीच काढलंत ते बरं झालं. एका बाजूला "श्री राजा शिव", दुसऱ्या बाजूला "छत्रपति", तांब्याचं नाणं. पण हे नाणं शिवाजी महाराजांबरोबर थांबलं का? पुढच्या छत्रपतींच्या काळात पाडलं, पेशवाईत गावोगावच्या टांकसाळींत पाडलं, इंग्रज आल्यावरही बाजारात चालत राहिलं. त्याला फक्त शिवकालाच्या काचेत बसवणं म्हणजे त्याचं अर्ध्याहून जास्त आयुष्य कापून टाकणं. मला हे फार लागतं कारण ज्या शेतकऱ्याने आठवड्याच्या बाजारात ते मोजून दिलं त्याला कुठेच जागा उरत नाही.

लॅबवाली:
मी संवर्धनात काम करते म्हणून या वादात न पडता एक सांगते, एकत्र मांडा म्हणणं सोपं आहे पण वस्तू एकत्र राहू शकत नाहीत. सातवाहनांची बरीच नाणी शिशाची आहेत. लाकडातून, विशेषतः नवीन किंवा सागवानी-प्लायच्या कपाटातून आम्ल वाफा निघतात, त्यात शिसं ठेवलं की त्यावर पांढरी पूड धरते आणि नाण्यावरचा लेख त्या पुडीबरोबर जातो, परत येत नाही. तांब्या-ब्रॉन्झला क्षार आणि ओलावा मिळाला की हिरवे फोड येतात. म्हणून धातूला कोरडी हवा लागते, साधारण 40 टक्क्यांच्या खाली आर्द्रता. तेच लाकूड आणि हस्तिदंत त्या हवेत तडकतात, त्यांना 45 ते 55 च्या आसपास, आणि मुख्य म्हणजे रोज वरखाली न होणारी. आता गाडीच्या चाकाशेजारी शिशाचं नाणं ही तुमची कल्पना मला रात्री झोप लागू देणार नाही. पोर्चमधली गाडी मात्र आत घ्याच, त्याला माझा दोन्ही हातांनी पाठिंबा. पावसाळ्यात चाकाची लोखंडी धाव गंजते, आरे सैल होतात, मधला तुंबा फुटतो, मग कुणीतरी ऑईलपेंट मारून "जतन" करतं आणि जुन्या लाकडाचा, वंगणाचा सगळा पुरावा त्या रंगाखाली जातो.

घाटवाट:
ताई, एका पेटीत म्हणत नाहीये, एका दालनात. प्रत्येकाची बंद पेटी वेगळी, आत सिलिका जेल, हवी ती हवा. नजरेला एकत्र दिसलं तरी पुरे.

लॅबवाली:
मग चालेल, पण पेट्यांचा खर्च आधी धरा, बाकी सजावट नंतर. बहुतेक ठिकाणी उलटं होतं.

कपाशी_यवतमाळ:
तिसऱ्या वाटेबद्दल कुणी बोललं नाही म्हणून लिहितो. आमची शकुंतला रेल्वे, यवतमाळ-मूर्तिजापूर-अचलपूर, अडीच फुटी गेज, म्हणजे अरुंद रूळ. कापूस न्यायला टाकलेली लाईन. तिचं वाफेचं इंजिन मँचेस्टरला 1921 मध्ये बनलेलं आणि ते 1994 पर्यंत ओढत होतं, आणि वऱ्हाडातला कापूस मुंबईच्या बंदरातून जायचा तोही तिकडच्याच गिरण्यांकडे. हे दोन शेजारी शेजारी ठेवले की राज्य कशासाठी केलं ते पाचवीतल्या पोरालाही कळेल. पण रेल्वेच्या संग्रहालयात इंजिनाचा सिलिंडर किती इंचाचा ते लिहितात, कापसाचं नाव नसतं, आणि इतिहासाच्या संग्रहालयात रेल्वेच नसते. गाठींवर मारायचे शिक्के, जिनिंगचे वजनकाटे, मालधक्क्याच्या पावत्या, हे सगळं भंगारात चाललंय, नाणं निदान कुणी भंगारात देत नाही. माझा घाटवाट यांना पाठिंबा, फक्त सुरुवात नाण्यापासून नको, जे आधी नष्ट होतंय त्यापासून करा.

जुना_पोतदार:
कपाशी भाऊंचं शेवटचं वाक्य शंभर टक्के बरोबर. पण वाटेच्या मांडणीवर माझी हरकत कायम आहे आणि ती जास्त गंभीर आहे. कोल्हापूरच्या टाऊन हॉल संग्रहालयात तिथल्याच ब्रह्मपुरीला सापडलेली पोसायडनची ब्रॉन्झ मूर्ती आहे. समुद्राचा ग्रीक देव पंचगंगेकाठी. ती कुठल्या बंदरात उतरली, कुठला घाट चढली, व्यापाऱ्याने विकायला आणली की कुणी भेट दिली, काही माहीत नाही. तुमच्या नकाशावर तिच्यासाठी बाण काढावा लागेल, आणि एकदा भिंतीवर बाण काढला की तो पाठ्यपुस्तकात जातो, तिथून गाईडच्या तोंडी, आणि दहा वर्षांत तो इतिहास होतो. राजाचं नाव नाण्यावर छापलेलं असतं, वाट छापलेली नसते. मी अंदाजाला काचेत बसवायला तयार नाही.

मास्तर_जुन्नर:
नाणेघाटाच्या तोंडाशी दगडी रांजण आहे, जकातीची नाणी त्यात टाकायचे असं सगळे सांगतात. पोरं विचारतात, सर, मग ती नाणी कशी होती? वर्गात दाखवायला काही नाही. शेजारच्या लेण्यात सातवाहन राणी नागनिकेचा लेख, त्यात यज्ञात दिलेल्या गाई, घोडे, कार्षापण यांचे आकडे कोरलेत, आपल्या आकड्यांच्या इतिहासातला किती जुना पुरावा. वाद मोठ्या संग्रहालयांच्या दालनांचा चाललाय, आम्हाला त्या नाण्यांच्या चांगल्या प्रतिकृती आणि एक फळा मिळाला तरी पुष्कळ.

घाटवाट:
@जुना_पोतदार पोसायडनचा मुद्दा वजनदार आहे. पण सगळ्या वाटा अंदाज नाहीत ना. पहिल्या शतकातल्या पेरिप्लस या ग्रीक भाषेतल्या सागरी व्यापाराच्या वर्णनात पैठण आणि तगर, म्हणजे आपलं तेर, यांची नावं आहेत, पैठणहून तगर पूर्वेला दहा दिवस, तिथलं कापड आणि माल गाड्यांतून, रस्ते नसलेल्या मोठ्या प्रदेशातून भडोचला नेत असं लिहिलंय. गाड्या हा शब्द तिथे आहे. तेरच्या लामतुरे संग्रहालयात हस्तिदंती बाहुली आहे, तिच्याशी जवळचं नातं सांगणारी हस्तिदंती मूर्ती इटलीत पॉम्पेईला सापडली. इथे बाण काढायला काय हरकत आहे? जिथे लेखी पुरावा आहे तिथे पक्की रेघ, जिथे फक्त वस्तू सापडली तिथे वस्तू आणि सापडल्याची जागा, रेघ नाही. पोसायडन ब्रह्मपुरीच्या ठिपक्यावर उभा राहील, बाण न काढता.

जुना_पोतदार:
ठिपका मान्य, रेघ लेखी पुरावा असेल तिथेच. पण मग माझी एक अट ऐका. 1878 च्या दफिना कायद्यापासून जे जे साठे कलेक्टर कचेऱ्यांत जमा झाले त्यांची नाणी वेगवेगळ्या संग्रहालयांत आणि संग्राहकांत वाटली गेली, जोगळटेंभीचंही तेच झालं. आधी त्या वाटपाच्या नोंदी स्कॅन करून सगळ्यांसाठी खुल्या करा, कुठलं नाणं कुठल्या गावच्या साठ्यातलं ते लावा, मग दालन हलवा. नोंदीआधी मांडणी बदललीत तर मी विरोधातच आहे.

घाटवाट:
नोंदींसाठी तुमच्याबरोबर अर्जावर सही करायला मी आजच तयार आहे. पण त्या पूर्ण होईपर्यंत दहा वर्षं दालन तसंच ठेवायला नाही. ज्यांची जागा आजच पक्की माहीत आहे, जोगळटेंभी, ब्रह्मपुरी, तेर, एवढ्यांपासून सुरू करू.

जुना_पोतदार:
जोगळटेंभीपासून करा. मूळ दफिन्याची यादी शेजारी लावायची असेल तर.