ट्रायक्लोरोइथिलीन: हवा भिंतीजवळ मोजायची की कामगाराच्या कॉलरजवळ?

धागाकर्ता (औद्योगिक सुरक्षा सल्लागार, अंधेरी)
मुंबईच्या उपनगरांतील ज्या गाळ्यांत प्लेटिंगपूर्वी (मुलामा देण्याआधी) धातूच्या भागांवरचे तेल ट्रायक्लोरोइथिलीन या द्रावकाच्या गरम टाकीत काढले जाते, तेथे वर्षातून एकदा हवेचा नमुना घेऊन अहवाल फायलीला लावण्याची पद्धत मला मान्य नाही. नमुन्यासाठी हवा ओढणारा पंप भिंतीजवळच्या टेबलावर ठेवलेला असतो. श्वास मात्र टाकीवर वाकलेला माणूस घेत असतो. भागांची टोपली झटकन वर काढली की तिच्याबरोबर बाष्पाचा लोट वर येतो, वाटीच्या आकाराच्या भागांत साचलेला द्रावक बाहेर मांडल्यावर तिथेच उडून जातो, आणि मे महिन्याच्या उकाड्यात लावलेला पेडेस्टल पंखा टाकीतले जड बाष्प ढवळून थेट त्याच्या तोंडावर आणतो. म्हणून बाष्प शोषून घेणारी कोळशाची नळी व छोटा पंप कामगाराच्या कॉलरला लावून पूर्ण पाळीचे मापन वर्षातून किमान दोनदा सक्तीचे करावे, असे माझे मत आहे. 2012 मध्ये आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने हा द्रावक माणसात कर्करोग घडवणाऱ्या पहिल्या गटात टाकला, आणि त्यामागे मूत्रपिंडाच्या कर्करोगाचा पुरावा होता.

प्रतिसाद 1 (लघुउद्योजक, साकीनाका)
मोजल्याने हवेतले बाष्प कमी होत नाही. पंचवीस माणसांच्या युनिटला प्रयोगशाळेचे शुल्क दरवर्षी दोनदा भरायला लावण्यापेक्षा तोच पैसा टाकीच्या झाकणावर, काठावरच्या एक्झॉस्टवर आणि बाष्प थंड करून टाकीतच अडवणाऱ्या थंड पाण्याच्या कॉइलवर खर्च करू द्या. कामगाराचे खरे भले त्यात आहे. नोव्हेंबर 2025 पर्यंत लागू असलेल्या कारखाने अधिनियमाच्या दुसऱ्या अनुसूचीत आठ तासांच्या सरासरीची मर्यादा 50 पीपीएम (हवेच्या दहा लाख भागांत 50 भाग) होती आणि आमचा अहवाल तिच्या बराच खाली असतो. कायदा पाळणाऱ्याच्याच मागे लागण्यात काय अर्थ आहे? पाण्यावर आधारित क्लीनर वापरा, हेही सहज सांगितले जाते, पण लोखंडी भाग वाळेपर्यंत गंजतात, आरपार नसलेल्या छिद्रांत पाणी राहते आणि तेलकट सांडपाण्याची प्रक्रिया नव्याने उभारावी लागते. अमेरिकेनेही डिसेंबर 2024 मध्ये बंदीचा अंतिम नियम काढताना काही वापरांना जास्त मुदत दिलीच.

प्रतिसाद 2 (कामगार संघटनेचा कार्यकर्ता, भांडुप)
आपण दोघेही फक्त हवेबद्दल बोलत आहात. हा द्रावक त्वचेतूनही शरीरात जातो आणि साधे रबरी हातमोजे त्याच्यापुढे टिकत नाहीत, त्यामुळे हवेचा अहवाल उत्तम आला तरी ओले भाग हाताळणाऱ्याच्या शरीरात किती गेले, हे त्यातून कळत नाही. त्यासाठी शरीरात या द्रावकापासून बनणारे ट्रायक्लोरोॲसिटिक आम्ल लघवीत तपासावे लागते, तेही आठवड्याच्या शेवटच्या पाळीनंतर, कारण ते दिवसागणिक साचत जाते. सुट्टीनंतर सोमवारी सकाळी घेतलेला नमुना दिशाभूल करतो. एसीजीआयएच या कामाच्या ठिकाणच्या आरोग्यासाठी मर्यादा सुचवणाऱ्या अमेरिकी संस्थेने त्यासाठी लिटरमागे 15 मिलिग्रॅम ही मार्गदर्शक पातळी दिली आहे. माझी अट एकच आहे: अहवाल आधी कामगाराच्या हातात द्यावा आणि त्याच्यावरून कोणाचीही रोजी जाऊ नये. आकडा जास्त आला म्हणून कंत्राटी मुलाला ‘उद्यापासून येऊ नकोस’ असे सांगितलेले मी पाहिले आहे. शिवाय महाराष्ट्रात वीज वापरणारी जागा वीस कामगारांशिवाय सहसा कारखाना ठरत नाही, म्हणजे सहा-सात माणसांच्या गाळ्यात निरीक्षक फिरकतही नाही.

प्रतिसाद 3 (लघुउद्योजक, साकीनाका)
लघवीच्या तपासणीला माझा ठाम विरोध आहे. हेच आम्ल परक्लोरोइथिलीन या दुसऱ्या द्रावकामुळेही लघवीत येते आणि मद्यपानाने आकडा बदलतो. अशा एका आकड्यावरून मालकाला दोषी ठरवणे न्याय्य नाही.

धागाकर्ता
एका आकड्यावरून कोणालाच दोषी धरू नये, हे मान्य. म्हणूनच कॉलरजवळचे मापन आणि लघवीची तपासणी एकाच आठवड्यात व्हावी. दोन्ही आकडे जुळले नाहीत, तर त्वचेकडे किंवा दुसऱ्या द्रावकाकडे पाहता येते. 50 पीपीएमच्या मर्यादेबाबत मात्र मी सहमत नाही. एसीजीआयएचची सरासरी मर्यादा 10 पीपीएम आहे, म्हणून 40 पीपीएमचा अहवाल 50 पीपीएमच्या मर्यादेत बसला तरी त्यावर समाधान मानू नये. एक्झॉस्ट आणि कॉइलवर खर्च अवश्य करा, पण ते काम करतात की नाही, हे मापनाशिवाय कसे ठरवणार? गोडसर वासाला नाक सरावते, त्यामुळे वास येत नाही म्हणजे हवा स्वच्छ आहे, असे समजता येत नाही.

खर्चाची अडचण खरी आहे. पंपाऐवजी शर्टाला लावायचा, बाष्प आपोआप शोषणारा बॅज वापरला, तर पंप आणि त्याच्याबरोबर लागणारा माणूस वाचतो. एकाच औद्योगिक वसाहतीतील गाळ्यांनी नमुने एकत्र पाठवले, तर प्रयोगशाळेशी दरही ठरवता येतो. आणि ज्या मोठ्या कंपन्या आपले भाग जॉबवर्कवर धुवायला पाठवतात, त्यांनी हा खर्च कामाच्या दरात धरलाच पाहिजे, कारण टाकी गाळ्यात असली तरी माल त्यांचा आहे.