सेंट जॉन (यूएस व्हर्जिन आयलंड्स, कॅरिबियनमधली अमेरिकेची बेटं): कच्चे पोहणारे आणि ज्येष्ठ सोबत, कोणते बीच गाठावेत? मदत हवी आहे

शिंपला:
फेब्रुवारीत न्यू जर्सीहून पाच दिवस सेंट जॉनला जायचं ठरतंय. आम्ही दोघं (जेमतेम पोहतो), आठ वर्षांचा मुलगा आणि भारतातून आलेले सत्तरीचे आई-बाबा. आईचे गुडघे दुखतात, जिने नकोत. यादीत ट्रंक बे, माहो बे, वॉटरलेमन के (छोटा टापू), सॉल्ट पाँड आणि अ‍ॅनाबर्ग (जुना साखर मळा) आहेत. यातलं काय ठेवू, काय गाळू? एक दिवस ब्रिटिश व्हर्जिन आयलंड्सची बोटही करावी म्हणतो. आम्ही एच-१बीवर (नोकरीच्या व्हिसावर) आहोत, पासपोर्टवर नव्या व्हिसाचं स्टॅम्पिंग बाकी आहे.

खाडीवाला:
आधी पोहोचायचं बघा. सेंट जॉनला विमानतळ नाही. शेजारच्या सेंट थॉमस बेटावर उतरायचं, टॅक्सीने त्याच बेटाच्या पूर्व टोकाला रेड हूकला जायचं (ट्रॅफिक धरून पाऊण तास), तिथून सेंट जॉनवरच्या क्रूझ बे गावाची फेरी साधारण २० मिनिटांची. मोठ्या बॅगांचे वेगळे पैसे पडतात.

पाच जण आहात तर जीपच घ्या. गाडी रस्त्याच्या डावीकडून चालवायची, पण स्टिअरिंगही डावीकडेच! भारतात गाडी चालवलेला माणूस इथे जास्त गाफील राहतो. उजवीकडे वळताना शेजारच्याने "डावी लेन" म्हणून आठवण करायची. वळणं घाटासारखी आणि चढ त्याहून उभे.

आता बीच. तुमच्यासाठी माहो बे पहिला. रस्त्याला लागूनच वाळू, एकही पायरी नाही, आणि कमरेएवढं पाणी बरंच आत जाईपर्यंत. तळाला समुद्री गवत आहे, ते चरायला हिरवी कासवं येतात. गवत दिसेल तिथे तरंगत थांबा, कासव श्वास घ्यायला आपणहून वर येतं. पाठलाग केला की खोल पाण्यात निघून जातं, शिवाय त्याला हात लावणं कायद्याने गुन्हा आहे.

ट्रंक बेला शॉवर, टॉयलेट, खाण्याचा स्टॉल आहे. प्रवेशशुल्क आहे, नॅशनल पार्कचा वार्षिक पास असेल तर तो चालतो. सेंट थॉमसला क्रूझ जहाजं लागली की १० ते २ तिथे जत्रा असते. सकाळी ८:३०ला पोहोचा, गर्दी वाढली की माहोला सरका.

पण फेब्रुवारीत एक मेख आहे. हिवाळ्यात अटलांटिकमधल्या दूरच्या वादळांच्या लाटा उत्तर किनाऱ्यावर येतात. अशा दिवशी ट्रंक, हॉक्सनेस्ट, सिनॅमन या तिन्ही बीचवर लाटा आपटतात आणि ढवळलेल्या वाळूमुळे पाण्याखाली काही दिसत नाही. तेव्हा दक्षिणेचा सॉल्ट पाँड शांत असतो. मात्र गाडीपासून खाली उतरण आहे आणि परतताना तोच चढ उन्हात. आईंसाठी नको. लाटांचा अंदाज आदल्या रात्री बघून बीच ठरवा, घरून निघतानाच वेळापत्रक बांधू नका.

नळी_आणि_मास्क:
ट्रंक बेला पाण्याखाली माहितीफलक लावलेली स्नॉर्कल वाट (मास्क आणि श्वासाची नळी लावून तरंगत बघायची) आहे. प्रवाळ मात्र पूर्वीइतकं राहिलेलं नाही, त्यामुळे शिकायला जागा चांगली, अपेक्षा बेताची ठेवा.

मास्क तपासायची रीत: पट्टा न लावता चेहऱ्यावर ठेवा, नाकाने श्वास आत ओढा, हात सोडा. टिकला तर माप बरोबर. मिशी असेल तर नाकाखालून पाणी शिरणारच. तिथे सिलिकॉन ग्रीस लावा. नवीन मास्कच्या काचेवर कारखान्यातला पातळ थर असतो, तो साध्या पांढऱ्या टूथपेस्टने दोन-तीनदा चोळून काढला नाही तर काच सतत धुकटते. रोज पाण्यात उतरण्यापूर्वी बेबी शाम्पूचा थेंब फिरवून हलकं विसळा.

सगळ्यांना फुगवायची स्नॉर्कल व्हेस्ट घ्या. मुलाला मात्र नीट मापाचं लाइफ जॅकेट, व्हेस्ट हा त्याला पर्याय नाही.

ऑक्सिबेन्झोन, ऑक्टिनॉक्सेट, ऑक्टोक्रिलिन असलेल्या सनस्क्रीनवर २०२०पासून तिथे बंदी आहे. झिंक ऑक्साइडवालं घ्या. त्याहून उत्तम लांब बाह्यांचा रॅश गार्ड (पाण्यात घालायचा अंगाला घट्ट शर्ट), कारण स्नॉर्कलिंगमध्ये पाठच भाजते.

कागदोपत्री:
ब्रिटिश बेटांची बोट रद्द करा. मुदत संपलेल्या व्हिसावर परत येण्याची जी सवलत आहे, ती एच-१बीला फक्त कॅनडा आणि मेक्सिकोहून येताना मिळते. कॅरिबियन बेटांसाठी ती एफ (विद्यार्थी) आणि जे (एक्स्चेंज) व्हिसावाल्यांना आहे. तुम्ही तिकडे गेलात तर अमेरिकेबाहेर पडलात असंच धरलं जाईल.

यूएस बेटांवर जाणं देशांतर्गतच आहे. परतीच्या विमानाआधी सेंट थॉमसला कस्टम्स आणि इमिग्रेशनची तपासणी असते, म्हणून सगळ्यांचे पासपोर्ट, तुमचं आय-७९७ (एच-१बी मंजुरीचं पत्र), आय-९४ (अमेरिकेत प्रवेशाची नोंद) हातातल्या बॅगेत. त्या रांगेसाठी वेळ ठेवा.

शिंपला:
बोट रद्द! वॉटरलेमन आणि अ‍ॅनाबर्ग एकाच दिवशी जमेल का?

खाडीवाला:
जमेल, दोन्हींचं पार्किंग एकच. आई-बाबांना अ‍ॅनाबर्ग दाखवा: डॅनिश काळातली साखर मळ्याची पवनचक्की, उसाचा रस आटवायची चुलाणं. हे सगळं गुलामांच्या श्रमावर उभं होतं; १७३३मध्ये याच बेटावर गुलामांनी उठाव करून अनेक महिने ताबा ठेवला होता. डेन्मार्कने ही बेटं १९१७मध्ये अडीच कोटी डॉलरना अमेरिकेला विकली.

वॉटरलेमनला तिथून किनाऱ्याने सव्वा किलोमीटर चालावं लागतं, वाट सपाट पण दगडगोट्यांची. टापूच्या बाहेरच्या बाजूला प्रवाह ओढतो. जेमतेम पोहणाऱ्यांनी टापूला वळसा घालू नये, अलीकडच्या गवतात लाल तारामासे बघून परतावं. ते पाण्याबाहेर काढायचे नाहीत.

आणि मुलाला एक झाड आधीच फोटोत दाखवून ठेवा: मँचिनील. किनाऱ्यालगत असतं, फळ छोट्या हिरव्या सफरचंदासारखं, विषारी. चीकही कातडीला भाजतो, म्हणून पाऊस आला तर त्याखाली आडोशाला उभं राहायचं नाही.