मूळ अनंतात की अनंताकडे?

ओसरी: बारावीच्या मुलांसाठी टिपणं लिहितेय. अक्ष² + बक्ष + क = ० यात ब तसाच ठेवून अ शून्याजवळ नेत गेलं, की एक मूळ −क/ब पाशी येतं, दुसरं मात्र लांब लांब जात राहतं. मी लिहिलं, ‘दुसरे मूळ अनंतात जाते’. नवऱ्याने वाचून विचारलं, कोण गेलं? आता काय लिहू?

सहज: ‘अनंतात विलीन’ श्रद्धांजलीत शोभतं. शिवाय ‘-त’ आलं की पोचणं आलं, आणि हे मूळ कुठेच पोचत नाही. ०.००१क्ष² + क्ष − २ = ० घ्या. मुळं साधारण १.९९६ आणि −१००१.९९६. अ आणखी दहापट लहान केला की दुसरं −१०००२ च्या आसपास. कितीही लांब गेलं तरी दर वेळी ती साधी सांत संख्याच. म्हणून ‘अनंताकडे जाते’. इथे तर ऋण अनंताकडे.

ओसरी: ‘झुकते’ कसं वाटतं?

सहज: पहिलं मूळ २ कडे झुकतं म्हणा, खुशाल. दुसऱ्याला झुकायला समोर काही असावं लागतं ना!

वर्गमूळ: भास्कराचार्यांचा ‘खहर’ विसरलात? ‘बीजगणित’ ग्रंथात शून्याने भागलेल्या राशीला त्यांनी हेच नाव दिलंय. आपला शब्द असताना शोधाशोध कशाला?

सहज: शब्द देखणा आहे, पण खहरात कितीही मिळवा, कितीही काढा, तो बदलत नाही, खुद्द भास्कराचार्यांनीच त्याला अनंत अच्युताची उपमा दिली आहे. आपलं मूळ अ हलला की हलतं. खहर स्थितीचं नाव आहे, गतीचं नाही.

ओसरी: मग अ = ० झाल्यावर?

वर्गमूळ: वर्गसमीकरणच उरत नाही, एकच मूळ राहतं. ‘दुसरं अनंत झालं’ असं म्हणण्यामागचा अर्थ क्ष = १/य ठेवल्यावर दिसतो: कय² + बय + अ = ०. क शून्य नसेल, तर अ शून्य होताच य चं एक मूळ नेमकं शून्यावर येतं. तिथे पोचणं खरं आहे. ब सुद्धा शून्याकडे नेलात तर क्ष ची दोन्ही मुळं पळतात.

ओसरी: ‘अनंताकडे जाते’ केलं. नवरा म्हणाला, म्हणजे अजून धुगधुगी आहे तर.